मास्ट पेशींची घराणी

विज्ञानाचा इतिहास लिहिताना सिद्धान्तांचा आणि ते मांडणाऱ्या थोर पुरुषांचा वृत्तान्त आपण आवडीने सांगतो. परंतु ज्या हातकामावर, ज्या द्रवांवर आणि रंगांवर, प्रयोगशाळेतील ज्या रोजच्या वहिवाटीवर ते सिद्धान्त उभे राहिले, त्यांची दखल घ्यावयाचे बहुधा राहून जाते. शरीरातील ऊतकाचा लहानसा तुकडा टिकवून, त्याचे पातळ काप काढून, ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याजोगे करणे हा असाच एक व्यवसाय आहे. रुग्णाचे पुढील आयुष्य ज्या निदानावर अवलंबून असते ते निदान अनेकदा या व्यवसायातील कारागिराच्या हातून आलेल्या काचपट्टीवरूनच केले जाते. आणि तरीही या कारागिरीला स्वतःचा इतिहास आहे, त्या इतिहासात उजेडात आलेल्या सत्यांबरोबर दीर्घकाळ झाकली गेलेली सत्येही आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही. मास्ट पेशींची हकीकत हे त्या इतिहासातील अत्यंत बोधप्रद प्रकरण होय.

कोळंबी खाल्ल्यावर एखाद्याच्या अंगावर पित्त उठून लाल गांधी येतात, परागकणांनी दुसऱ्याला शिंकांवर शिंका येऊ लागतात, तिसऱ्याच्या छातीत दम्याची घरघर सुरू होते. या सर्व घटनांच्या मुळाशी हिस्टामीन आणि तत्सम द्रव्यांच्या कणिका पोटात साठवून बसलेल्या आणि इशारा मिळताच त्या कणिका रित्या करणाऱ्या मास्ट पेशी असतात. त्वचेत, श्वासमार्गात, आतड्यात, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणात, रक्तवाहिन्यांच्या आणि मज्जातंतूंच्या कडेने त्यांची वस्ती असते, आणि जेथे शरीराची सरहद्द बाहेरच्या जगाला भिडते तेथे ती विशेष दाट असते. परंतु नाव एक असले तरी या सर्व पेशी एकसारख्या नाहीत. त्वचेतील पेशीच्या कणिकांतील द्रव्ये आतड्याच्या अंतस्त्वचेतील पेशीच्या कणिकांत तशीच्या तशी आढळत नाहीत. एकीला चेतविणारे रसायन दुसरीपुढे निष्प्रभ ठरते. एकीला आवरणारे औषध दुसरीला आवरीत नाही. मास्ट पेशींना नाव मिळाले ते १८७८ साली, आणि त्यांच्यातील हा भेद साधार सिद्ध झाला तो १९६६ साली. मध्ये गेलेल्या ८८ वर्षांत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या विद्वानांची वाण नव्हती; तरीही हा भेद झाकून राहिला याचे कारण त्यांच्या टेबलावरच्या एका बाटलीत होते.

या हकीकतीचा आरंभ कापड रंगविणाऱ्यांच्या धंद्यात होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ऊतकविज्ञानाला स्वतःचे असे रंग नव्हते. एर्लांगेनच्या योसेफ फॉन गेर्लाखने १८५८ साली ऊतकांच्या रंजनासाठी प्रचारात आणलेले कार्माइन हे कोचिनील किड्यांपासून निघणारे, आणि त्यानंतर रुळलेले हिमॅटॉक्सिलिन हे मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या लाकडापासून निघणारे. दोन्ही रंग रंगाऱ्यांच्या हौदातूनच विद्वानांच्या टेबलावर आलेले. १८५६ च्या ईस्टरच्या सुटीत विल्यम हेन्री पर्किन नावाचा अवघ्या अठरा वर्षांचा विद्यार्थी लंडनमधील आपल्या घरी डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून कोयनेल तयार करण्याचा खटाटोप करीत होता. कोयनेल काही हाती लागले नाही. परंतु भांड्याच्या तळाशी राहिलेल्या काळ्या गाळातून जो जांभळा रंग उतरला त्याने रंगांच्या व्यापाराचे स्वरूपच पालटले. पुढच्या दोन-तीन दशकांत जर्मनीत ऱ्हाइन आणि माइन या नद्यांच्या काठी अ‍ॅनिलीन रंगांचे प्रचंड कारखाने उभे राहिले, आणि त्यांतून निघालेल्या मालाने आमच्याकडील मंजिष्ठ आणि नीळ यांची बाजारपेठ कालांतराने बुडविली. ज्या रंगांनी आपल्या देशातील रंगाऱ्यांच्या पिढीजात धंद्यावर गदा आणली त्याच रंगांनी वैद्यकाला एक नवी दृष्टी दिली, ही इतिहासातील घटना विसरण्याजोगी नाही.

ती दृष्टी ज्याने सर्वांत आधी ओळखली तो पाउल एर्लिख १८५४ साली सायलीशियातील श्ट्रेलेन या गावी जन्मला. त्याचा आईकडच्या नात्यातला वडील भाऊ कार्ल वाइगर्ट हा सूक्ष्मजंतूंच्या रंजनासाठी अ‍ॅनिलीन रंग वापरणाऱ्या पहिल्या काही संशोधकांपैकी एक होता, आणि त्याच्यामुळे एर्लिखला विद्यार्थिदशेतच या रंगांचे वेड लागले. ब्रेस्लाउ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग आणि लाइप्सिग अशी त्याची विद्यापीठे बदलत गेली, परंतु रंगांचा नाद सुटला नाही. स्ट्रासबुर्गला त्याचे गुरू विल्हेल्म वाल्डायर यांनी संयोजी ऊतकातील काही टपोऱ्या पेशींचे वर्णन १८७५ साली केले होते. एर्लिखने त्याच पेशींवर दाहलिया नावाच्या जांभळ्या रंगाचा प्रयोग केला, तेव्हा त्यांतील काहींच्या पोटातील कणिका मूळ रंगाहून निराळ्या, लालसर छटेने उजळलेल्या दिसल्या. ऊतकरंजनाच्या उपपत्तीवर आणि व्यवहारावर लाइप्सिग विद्यापीठाला १८७८ साली सादर केलेल्या प्रबंधात त्याने या पेशींचा वेगळा वर्ग करून, त्या सुपोषित असाव्यात या समजुतीने, त्यांना मास्ट पेशी असे नाव दिले. त्या वेळी त्याचे वय २४ वर्षांचे होते. पोषणाची ती कल्पना पुढे टिकली नाही. टिकली ती ओळख पटविण्याची रीत. पेशीची ओळख तिच्या आकारावरून न ठरविता तिच्या कणिका कोणता रंग कोणत्या छटेने घेतात यावरून ठरवावी, हा एर्लिखचा दंडक रसायनशास्त्राच्या दृष्टीने मोठ्या पल्ल्याचा होता. मात्र जी पेशी तो रंग घेणार नाही ती गणतीतच येणार नाही, ही अडचणही त्या दंडकाच्या पोटातच दडलेली होती.

हे रंजन आजही रोगनिदानाच्या प्रयोगशाळांत चालते, आणि ते जवळून पाहण्यासारखे आहे. त्वचेचा मिरीएवढा तुकडा टिकाऊ द्रवात ठेवतात. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलांतून नेऊन त्यातील पाणी काढून टाकतात, वितळलेल्या मेणात तो मुरवितात आणि मेणाचा ठोकळा घट्ट झाला की यंत्राच्या पात्याने त्याचे ४-५ मायक्रॉन जाडीचे काप काढतात. पात्यापासून सुटणारे काप एकमेकांना चिकटून फितीसारखे लांबत जातात. ती फीत कोमट पाण्यावर तरंगवून, सुरकुती पडू न देता, काचपट्टीवर उचलून घेणे हे सरावलेल्या बोटांचे काम असते. मेण उतरवून कापावर टोलुइडिन ब्लू हा निळा रंग सोडला की थोड्याच वेळात सगळे ऊतक फिक्या निळ्या आभेने भरते, पेशींची केंद्रके गडद निळी होतात, आणि लहान रक्तवाहिन्यांच्या कडेने मास्ट पेशी तेवढ्या जांभळट लाल दिसू लागतात. निळ्या रंगातून ही लाली उपजते याचे कारण असे की, त्या कणिकांत ऋण विद्युत्‌भाराने गच्च भरलेल्या लांब रेणूंच्या माळा असतात. रंगाचे रेणू त्या माळांवर एकमेकांना लगटून बसतात आणि तसे दाटीवाटीने बसले की त्यांचे प्रकाश शोषण्याचे गुणच बदलतात.

एर्लिखच्या या दंडकाने पहिल्या सत्तर-पाऊणशे वर्षांत भरघोस पीक दिले. लंडनमध्ये १८६९ साली नेटलशिप आणि टे यांनी त्वचेच्या एका विकाराचे वर्णन केले होते, ज्यात तपकिरी डाग पडतात आणि डाग चोळला की तेथे गांधी उठते. हॅम्बुर्गच्या पाउल गेर्सोन उन्नाने १८८७ साली ते डाग म्हणजे मास्ट पेशींची दाटी असल्याचे रंजनाने दाखविले, आणि या पेशींचा गांधीशी असलेला संबंध प्रथमच नजरेस आला. १९१६ साली बाल्टिमोरमध्ये जे मॅक्लेनला कुत्र्याच्या यकृतात रक्त गोठू न देणारे द्रव्य सापडले, ज्याच्या पाठपुराव्यातून हेपारिन हाती आले. आणि ज्या रेणुमाळांमुळे निळा रंग लाल होतो त्या हेपारिनच्याच आहेत असे १९३७ साली स्वीडनमधील होल्मग्रेन आणि विलांदेर यांनी दाखवून दिले. डंडी येथील जेम्स रायली आणि जेफ्री वेस्ट यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने हिस्टामीनचे कोठार याच पेशींत असल्याचे सिद्ध झाले. निरनिराळ्या प्राण्यांच्या निरनिराळ्या ऊतकांत मास्ट पेशी जितक्या अधिक तितके हिस्टामीनही अधिक, असा त्यांचा ताळेबंद बहुतेक ठिकाणी जुळला. आतड्याच्या अंतस्त्वचेत मात्र तो जुळेना. तेथे हिस्टामीन विपुल आणि मास्ट पेशी नाममात्र. तेव्हा या ठिकाणचे हिस्टामीन मास्ट पेशींखेरीज दुसऱ्या कोठून तरी येत असावे, असे मानून त्या विसंगतीची बोळवण केली गेली.

आता त्या बाटलीकडे वळावयास हवे. फ्रांकफुर्टचा वैद्य फेर्डिनांड ब्लुम हा फॉर्माल्डिहाइडच्या द्रावणाची जंतुनाशक म्हणून परीक्षा करीत असताना, १८९३ साली, त्या द्रावणाने आपल्या बोटांची कातडी अल्कोहोलाने होते तशी ताठ झाल्याचे त्याच्या ध्यानात आले, आणि ऊतके टिकविण्यासाठी हे द्रावण वापरता येईल असे त्याने सुचविले. हे द्रावण, म्हणजेच फॉर्मॅलिन, स्वस्त, वापरण्यास सोपे आणि ऊतकात खोलवर शिरणारे. त्यात ठेवलेला तुकडा महिनोन्‌महिने बिघडत नाही. अल्पावधीतच जगभरच्या प्रयोगशाळांत त्याचा अंमल बसला आणि तो आजतागायत चालू आहे. या द्रवाने वैद्यकावर केलेले उपकार अगणित आहेत, आणि पुढे जे सांगावयाचे आहे त्याने त्या उपकारांना उणेपणा येत नाही. परंतु प्रत्येक द्रव ऊतकातील काही द्रव्ये राखतो आणि काही झाकतो, ही जाणीव वहिवाट पक्की झाल्यावर मावळत गेली. रशियन ऊतकशास्त्रज्ञ अलेक्झांडर माक्सिमोव्ह याने १९०६ सालीच लिहून ठेवले होते की, उंदराच्या आतड्याच्या अंतस्त्वचेतील मास्ट पेशी रंजनाच्या बाबतीत इतर ठिकाणच्या पेशींहून निराळ्या वागतात. ही नोंद जवळजवळ साठ वर्षे दप्तरात पडून राहिली.

ती दप्तरातून बाहेर काढण्याचे श्रेय स्वीडनमधील लेनार्ट एनरबॅक याला आहे. त्याने १९६६ साली उंदराच्या जठर-आतड्यांतील मास्ट पेशींवर चार निबंधांची मालिका प्रसिद्ध केली, आणि त्यांतील पहिल्या निबंधाचा विषयच ऊतक टिकविण्याच्या द्रवांचा परिणाम हा होता. आतड्याचे तुकडे त्याने वेगवेगळ्या द्रवांत टिकविले. नेहमीच्या फॉर्मॅलिनमधील तुकड्यांच्या अंतस्त्वचेत मास्ट पेशी जवळजवळ दिसेनात. परंतु अल्कोहोल, क्लोरोफॉर्म आणि अ‍ॅसेटिक आम्ल यांच्या कार्नॉयच्या मिश्रणात किंवा शिशाच्या क्षारात टिकविलेल्या तुकड्यांत त्याच जागी त्यांची गर्दी दिसू लागली. जमाबंदीस आलेल्या कारकुनाने आपली भाषा बोलणाऱ्या घरांचीच नोंद करावी आणि उरलेले गाव ओसाड म्हणून लिहावे, तसा प्रकार इतकी वर्षे झाला होता. ओळीने दोन रंग दिले असता त्वचेतील पेशी सॅफ्रॅनिनचा लाल रंग घेत आणि अंतस्त्वचेतील पेशी अल्शियन ब्लूने निळ्याच राहत, म्हणजे भेद केवळ दिसण्या न दिसण्याचा नसून कणिकांतील द्रव्यांचाही होता. विंगरेन आणि एनरबॅक यांनी १९८३ साली हा अडसर कशाचा आहे तेही उलगडले. फॉर्मॅलिनमुळे कणिकांतील प्रथिने अशी काही जखडली जातात की रंगाला आत वाट मिळत नाही. कापच जर कित्येक दिवस रंगात बुडवून ठेवला, तर फॉर्मॅलिनमधील तुकड्यातही त्या पेशी हळूहळू प्रकट होतात.

एकदा वेगळेपणाची खूण पटल्यावर दोन्ही घराण्यांचे आचारविचारही वेगळे आहेत हे लवकरच कळून आले. ४८/८० या नावाने ओळखले जाणारे संश्लेषित रसायन त्वचेतील आणि उदरपोकळीतील मास्ट पेशींच्या कणिका झपाट्याने रित्या करते. अंतस्त्वचेतील पेशी त्याला दाद देत नाहीत. संयोजी ऊतकातील पेशींच्या कणिकांत हेपारिन असते. उंदराच्या अंतस्त्वचेतील पेशींत त्याच्या जागी काँड्रॉइटिन सल्फेट जातीची द्रव्ये आढळतात. उंदराच्या आतड्यात निपोस्ट्राँगिलस जातीच्या सूत्रकृमींचा शिरकाव झाला की अंतस्त्वचेतील मास्ट पेशींची संख्या अनेक पटींनी वाढते, आणि ही वाढ टी-लसीकापेशींच्या कुमकेवाचून होत नाही. संयोजी ऊतकातील पेशी मात्र त्यांच्या आधारावाचून आपली संख्या राखून असतात.

उंदरात जे दिसले ते माणसात तसेच्या तसे असेल असे गृहीत धरणे धोक्याचे असते. स्ट्रोबेल, मिलर आणि फर्ग्युसन यांनी १९८१ साली दाखविले की मानवी आतड्यातही फॉर्मॅलिन मास्ट पेशींची मोजणी पुष्कळच घटविते. परंतु माणसातील खरा भेद रंगाने ठरला नाही, तो ठरला प्रतिपिंडांच्या साह्याने. अमेरिकेत व्हर्जिनियातील रिचमंड येथे इराणी, श्वार्ट्‌झ आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६ साली दाखविले की, काही मानवी मास्ट पेशींच्या कणिकांत ट्रिप्टेज हे एकच प्रथिनभेदक एंझाइम सापडते, तर काहींत ट्रिप्टेज आणि कायमेज ही दोन्ही असतात. फुप्फुसातील वायुकोशांच्या भिंतींत आणि लहान आतड्याच्या अंतस्त्वचेत पहिला प्रकार प्रबळ. त्वचेत आणि आतड्याच्या अंतस्त्वचेखालील थरात दुसरा. म्हणजे आतड्याच्या एकाच कापात, काही मिलिमीटरांच्या आत, दोन्ही घराणी शेजारी शेजारी नांदताना दिसतात. ज्या रुग्णांत टी-लसीकापेशी दुबळ्या असतात त्यांच्या आतड्यात केवळ ट्रिप्टेज बाळगणाऱ्या पेशींची तूट पडते आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी शाबूत राहतात, असेही याच चमूला पुढच्या वर्षी आढळले. उंदरातील आणि माणसातील वृत्तान्त येथे येऊन मिळतात.

मग ही घराणी जन्मतःच भिन्न, की वसतीच्या जागेने भिन्न झालेली? या प्रश्नाचा मागोवा ओसाका येथील युकिहिको किटामुरा यांनी फार कौशल्याने घेतला. मास्ट पेशी जवळजवळ नसलेल्या विशिष्ट वंशाच्या उंदरांत निरोगी उंदराची अस्थिमज्जा सोडली असता त्यांच्या ऊतकांत मास्ट पेशी निर्माण होतात, हे त्यांनी १९७८ साली दाखविले. त्यानंतर काचपात्रात वाढविलेल्या, एकाच मुळाच्या मास्ट पेशी अशा उंदरांत सोडल्या असता, १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चमूच्या प्रयोगांत, त्या जेथे रुजल्या तेथले रूप घेत गेल्या. उदरपोकळीत त्या संयोजी ऊतकाच्या वळणाच्या झाल्या, जठराच्या अंतस्त्वचेत अंतस्त्वचेच्या वळणाच्या, आणि जठराच्याच स्नायूंच्या थरात पुन्हा संयोजी ऊतकाच्या वळणाच्या. म्हणून घराणी म्हटले तरी ती केवळ रक्ताची नव्हेत. भूमीचा संस्कार त्यांत मोठा आहे. मात्र रक्ताचा भागही अगदीच नाही असे नव्हे. उंदरांवरील २०१८ सालच्या संशोधनाने दाखविले की संयोजी ऊतकांतील कित्येक मास्ट पेशींचे मूळ भ्रूणावस्थेतील पीतककोशापर्यंत जाते, आणि प्रौढपणी अस्थिमज्जेच्या फारशा मदतीवाचून त्या आपापल्या मुलखात वंश टिकवून राहतात.

गेल्या काही वर्षांत या इतिहासाला नवी साधने मिळाली. ४८/८० या रसायनाला त्वचेतील पेशींनीच का ओ द्यावी, या जुन्या कोड्याचे उत्तर २०१५ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून आले: त्या रसायनाला ओळखणारा ग्राही उंदराच्या संयोजी ऊतकातील मास्ट पेशींवर असतो, त्याचा मानवी भाऊबंद त्वचेतील पेशींवर विपुल आढळतो, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही औषधे याच वाटेने, अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या प्रतिपिंडांवाचून, त्या पेशींना चेतवितात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मानवी शरीराच्या १२ अवयवांतील मास्ट पेशींचा एकेका पेशीच्या जनुकीय हालचालीवरून तपास केला तेव्हा त्यांचे ७ गट आढळले. त्यांतला एक मूत्राशयात, एक फुप्फुसात, तीन त्वचेत विशेष दाट, आणि उरलेले दोन त्वचा वगळून बहुतेक ठिकाणी विखुरलेले.

या भेदाचे व्यावहारिक मोल काय, हे एका औषधाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. रॉजर अल्तून्यान हा स्वतः दमेकरी असलेला वैद्य. इजिप्तमधील एका वनस्पतीतून मिळणाऱ्या खेलिन या द्रव्याच्या धर्तीवर बनविलेली शेकडो रसायने त्याने स्वतःच्या श्वासावर दम्याचा झटका ओढवून घेऊन पारखली आणि त्यातून १९६५ साली क्रोमोग्लायकेट पुढे आले. मास्ट पेशींना शांत ठेवणारे औषध अशी त्याची ख्याती झाली. परंतु पिअर्स, बीफस आणि बीनेनस्टॉक यांनी १९८२ साली दाखविले की उंदराच्या उदरपोकळीतील पेशींना आवरणारे हे औषध त्याच्या आतड्यातील पेशींना आवरीत नाही. आणि माणसातही त्वचेतील मास्ट पेशी त्याला प्रतिसाद देत नाहीत. उदरपोकळीतील पेशी काढावयास सोप्या म्हणून सारे प्रयोग त्यांच्यावर करावयाचे आणि निष्कर्ष मात्र सगळ्या शरीराला लावावयाचा, ही वहिवाट किती निसरडी होती हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

मला या इतिहासातून जे आग्रहाने सांगावेसे वाटते ते एवढेच की, काचपट्टीवर एखादी गोष्ट दिसली नाही तर ती साक्ष प्रथम द्रवाविषयी आणि रंगाविषयी असते. शरीराविषयी ती नंतर. माक्सिमोव्हला जे खटकले आणि एनरबॅकने जे तडीस नेले ते नव्या यंत्राने साधले नव्हते. सर्वांनी सिद्ध मानलेल्या कृतीची पुन्हा पारख करण्याच्या चिकाटीने साधले होते. ही चिकाटी अंगी बाणावी म्हणून ऊतकविज्ञानाच्या विद्यार्थ्याला त्याच्या विद्येबरोबरच रंजनविद्येचा इतिहास पहिल्या वर्षी शिकविला पाहिजे, आणि ठोकळे कापणाऱ्या, रंग जोखणाऱ्या तंत्रज्ञाला संशोधनाचा भागीदार मानले पाहिजे, कारण निष्कर्षाचा पाया त्याच्या हातात असतो. मास्ट पेशींविषयीच्या प्रत्येक विधानाबरोबर कोणत्या प्राण्याचे, कोणते ऊतक, कोणत्या द्रवात टिकविले आणि कोणत्या खुणेने ओळखले, हे लिहिलेले असावे. ज्यात ते लिहिलेले नसेल ते विधान, कितीही थोर नाव त्याखाली असले तरी, अपुरे समजावे.